योमेन ऑफ द गार्डचा समारंभी गणवेश

योमेन ऑफ द गार्ड हे ब्रिटनच्या राजाचे (किंवा राज्ञीचे) अंगरक्षक दल असून त्याची स्थापना सातव्या हेन्रीने १४८५ मध्ये केली. ब्रिटनमधील आज अस्तित्वात असलेले हे सर्वांत जुने लष्करी दल मानले जाते. लाल अंगरखा, त्यावरील सोनेरी भरतकाम, गळ्याभोवतीची चुणीदार पांढरी गळपट्टी, काळी मखमली टोपी आणि हातातील लांब भाला असा या दलाचा समारंभी गणवेश असून त्याचा घाट ट्यूडरकालीन, म्हणजे सोळाव्या शतकातला आहे. दलाचे मुख्यालय लंडनमधील सेंट जेम्स राजवाड्यात आहे. लंडनच्या टॉवरवरील पहारेकऱ्यांशी या दलाची नेहमी गल्लत केली जाते. दोघांचा गणवेश जवळजवळ सारखा असला तरी ती दोन वेगळी दले आहेत.

उगम

२२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड मारला गेला आणि हेन्री ट्यूडर इंग्लंडचा राजा झाला. तलवारीच्या बळावर मिळालेली गादी तशीच हिरावली जाण्याची शक्यता असल्याने या राजाला स्वतःभोवती विश्वासू माणसांचे कडे हवे होते. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला झालेल्या राज्याभिषेकाच्या वेळी हे अंगरक्षक प्रथम लोकांसमोर आले. ‘योमन’ म्हणजे उमराव नव्हे आणि कूळही नव्हे. स्वतःची थोडीफार जमीन बाळगून असलेला मधल्या फळीतला शेतकरी. आपल्या जिवाची राखण हेन्रीने सरदारपुत्रांकडे न देता या वर्गाकडे सोपवली, ही बाब दलाचे स्वरूप समजून घेताना महत्त्वाची ठरते.

अंगरक्षकांची कामे केवळ पहाऱ्यापुरती नव्हती. राजाचे अंथरूण घालणे हाही एक रीतसर विधी होता. गवताच्या गादीत कोणी शस्त्र लपवले नसल्याची खात्री करण्यासाठी एक योमन तिच्यात खंजीर खुपसून पाहत असे आणि मगच तिच्यावर चादरी पसरल्या जात. हा विधी केव्हाच बंद पडला. पण दलातील दोन पदांची नावे, ‘योमन बेड गोअर’ आणि ‘योमन बेड हँगर’, आजही चालू आहेत. १५९८ मध्ये ग्रीनिच राजवाड्यात गेलेल्या पाउल हेंत्सनर या जर्मन प्रवाशाने पहिल्या एलिझाबेथच्या भोजनाच्या तयारीचे वर्णन केले आहे. त्यात लाल पोशाखातील, पाठीवर सोनेरी गुलाब मिरवणारे अंगरक्षक एकामागून एक ताटे घेऊन येतात आणि विषाची शंका नको म्हणून प्रत्येकाला त्याने आणलेल्या पदार्थाचा घास खायला लावला जातो. गणवेशाचा लाल रंग आणि पाठीवरचा गुलाब चारशेहून अधिक वर्षे टिकून आहेत, याचा हा परक्या माणसाने दिलेला पुरावा होय.

एलिझाबेथच्या कारकिर्दीत वॉल्टर रॅली याच्याकडे या दलाचे प्रमुखपद होते. १६०३ मध्ये पहिला जेम्स गादीवर येताच ते काढून घेण्यात आले. पुढे रॅलीने टॉवरमध्ये दीर्घ कारावास भोगला आणि १६१८ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. जे दल त्याने सांभाळले त्याच्याच भाऊबंदांच्या पहाऱ्यात त्याला राहावे लागले.

रणांगणाशी दलाचा अखेरचा संबंध १७४३ मधील डेटिंगेनच्या लढाईत आला. सैन्याचे नेतृत्व करीत स्वतः रणात उतरलेला अखेरचा ब्रिटिश राजा दुसरा जॉर्ज याच लढाईत होता. त्यानंतर दलाचे काम समारंभापुरते उरले.

गणवेशाचे घटक

ट्यूडर घराण्याचे रंग पांढरा व हिरवा असल्याने सुरुवातीचे अंगरक्षक त्याच रंगांत वावरत. आठव्या हेन्रीच्या काळात समारंभांसाठी लाल रंग रूढ झाला. आजचा अंगरखा गुडघ्यापर्यंत येतो, कमरेशी पट्ट्याने आवळला जातो आणि खाली घेरदार होतो. त्यावर गडद मखमली पट्ट्या आणि सोनेरी फीत असते. त्याखाली लाल आखूड तुमान, लाल पायमोजे आणि काळे बूट असतात. बुटांवर तांबड्या, पांढऱ्या व निळ्या फितींची फुले असतात आणि टोपीभोवतीही याच तीन रंगांच्या फिती गुंफलेल्या असतात. चुणीदार गळपट्टी ही एलिझाबेथकालीन आवड होय. मान ताठ ठेवण्यावाचून ती घालणाऱ्यापुढे दुसरा पर्याय नसतो. समारंभासाठी ते सोयीचेच म्हटले पाहिजे.

हातातील भाल्याला ‘पार्टिझन’ म्हणतात. त्याचे पाते रुंद, दोन्ही अंगांना धार असलेले आणि बुडाशी फाकलेले असते. कमरेला तलवार असते, पण ती म्यानाबाहेर काढण्याचा प्रसंग येत नाही.

डाव्या खांद्यावरून तिरका उतरणारा लाल-सोनेरी पट्टा ही या गणवेशाची खरी खूण आहे. ट्यूडर काळात योमेनना आर्किबस ही जुनी जड बंदूक बाळगावी लागे आणि तिचा भार पेलण्यासाठी हा पट्टा होता. बंदूक गेली, पट्टा राहिला. टॉवरवरील पहारेकऱ्यांना ती बंदूक कधी दिली गेली नाही, म्हणून त्यांच्या अंगावर पट्टा नाही. दोन दलांतला फरक दुरून ओळखण्याचे एवढे एकच सोपे साधन आहे.

छातीवरील व पाठीवरील चिन्हे

अंगरख्याच्या पुढच्या व मागच्या बाजूस सोनेरी तारेने भरलेली चिन्हे असतात. हे काम भारतात ज्याला जरदोजी म्हणतात त्या जातीचे आहे; धातूच्या बारीक तारा कापडावर ठेवून हाताने टाके घालत ती आकृती उभी केली जाते. त्यात मुकुट, गुलाब, थिसल, शॅमरॉक, ‘देव आणि माझा हक्क’ अशा अर्थाचे राजघराण्याचे फ्रेंच बोधवाक्य आणि राज्यकर्त्याची आद्याक्षरे यांचा समावेश होतो.

ही चिन्हे एकाच वेळी आलेली नाहीत. मुळात फक्त गुलाब होता. लँकेस्टर व यॉर्क या एकमेकांशी झुंजलेल्या घराण्यांचे लाल व पांढरे गुलाब एकत्र करून सातव्या हेन्रीने ट्यूडर गुलाब घडवला होता. १७०७ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांची राज्ये एक झाली आणि स्कॉटलंडचे थिसल हे काटेरी फूल गुलाबाशेजारी येऊन बसले. १८०१ मध्ये आयर्लंड जोडले गेले व तीन पानांचे शॅमरॉक आले. आयर्लंडचा बहुतांश भाग १९२२ मध्ये ब्रिटनपासून वेगळा झाला, तरी शॅमरॉक काढण्यात आले नाही. उत्तर आयर्लंड आजही राज्याचा भाग असल्याने त्याला आधार उरतो. वेल्सचे मात्र कोणतेही झाड वा फूल या भरतकामात नाही. वेल्स त्या आधीच इंग्लंडच्या राज्यात विलीन झाले होते, हे त्याचे कारण. स्वतः ट्यूडर घराणे मूळचे वेल्सचे होते, हे लक्षात घेता ही उणीव विशेष जाणवते.

आद्याक्षरांचा बदल

गणवेशातील एकच भाग प्रत्येक कारकिर्दीबरोबर बदलतो आणि तो म्हणजे राज्यकर्त्याची आद्याक्षरे. नावाचे पहिले अक्षर, त्याचा क्रमांक रोमन अंकांत आणि ‘राजा’ किंवा ‘राणी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा ‘आर’ अशी ती रचना असते. दुसऱ्या एलिझाबेथची कारकीर्द १९५२ पासून २०२२ पर्यंत सत्तर वर्षे चालल्यामुळे या काळात दलात दाखल झालेल्या आणि निवृत्त झालेल्या कित्येकांनी दुसरे अक्षर अंगावर कधी वागवलेच नाही.

८ सप्टेंबर २०२२ रोजी राणीचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये तिचे पार्थिव ठेवण्यात आले, तेव्हा शवपेटिकेभोवती आळीपाळीने मूक पहारा देणाऱ्यांत योमेन ऑफ द गार्डही होते. राजा त्या वेळी तिसरा चार्ल्स होता. पण त्याची आद्याक्षरे १९ सप्टेंबरच्या अंत्यसंस्कारानंतर, महिनाअखेरीस प्रसिद्ध झाली. त्यामुळे पहाऱ्यावरील योमेनच्या छातीवर अखेरच्या दिवसापर्यंत तिचीच अक्षरे होती.

नव्या अक्षरांबरोबर त्यांवरील मुकुटाचा आकारही बदलला. एलिझाबेथने सेंट एडवर्डच्या मुकुटाचा आकार वापरला होता, तर चार्ल्सने ट्यूडर मुकुटाचा आकार निवडला. मूळ ट्यूडर मुकुट पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदानंतर पार्लमेंटच्या राजवटीत मोडून टाकण्यात आला होता. ट्यूडर घाटाच्या अंगरख्यावर ट्यूडर मुकुट परत आला, हा योगायोग म्हणावा लागेल.

अधिकाऱ्यांचा पोशाख

१८३० पर्यंत अधिकाऱ्यांचा पोशाखही ट्यूडर पद्धतीचाच होता. त्यानंतर त्यांना वेलिंग्टनच्या काळातील सेनाधिकाऱ्याचा पोशाख देण्यात आला: लाल कोट, सोनेरी स्कंधभूषणे आणि पिसांचा तुरा खोवलेली दुमडत्या काठाची टोपी. तेव्हाच्या दृष्टीने ही आधुनिकता होती. आज दोन्ही पोशाख सारखेच पुरातन दिसतात आणि एकाच रांगेत सोळावे व एकोणिसावे शतक शेजारी उभे राहते. अधिकारपदाची खूण म्हणून आबनुसी लाकडाची मुठीदार काठी मात्र जुन्याच पद्धतीची राहिली.

दलाचा कॅप्टन हा सेनाधिकारी नसून सत्तारूढ पक्षाचा हाउस ऑफ लॉर्ड्समधील उपमुख्य प्रतोद असतो. सरकार बदलले की कॅप्टनही बदलतो. उलट साधे योमेन हे सैन्यातून दीर्घ व निष्कलंक सेवेनंतर निवृत्त झालेले, अधिकारीश्रेणीखालील अनुभवी जवान असतात. त्यांच्या छातीवरील पदके खऱ्या सेवेची असतात, ही गोष्ट नाटकी वाटणाऱ्या या वेषाकडे पाहताना विसरता येत नाही.

गणवेश घालण्याचे प्रसंग

राज्याभिषेक, परदेशी राष्ट्रप्रमुखांच्या भेटी, पदवीदान समारंभ, राजवाड्यातील उद्यानमेळावे आणि ईस्टरपूर्व गुरुवारचा दानविधी या प्रसंगी योमेन गणवेशात हजर असतात. पार्लमेंटच्या अधिवेशनाचे राजाच्या हस्ते उद्घाटन होण्यापूर्वी ते इमारतीच्या तळघरांची झडती घेतात. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी गाय फॉक्स तिथे दारूगोळ्याच्या ३६ पिंपांसह पकडला गेला, त्या कटाची ही आठवण. ज्या तळघरात तो सापडला ते आज नाही. जुना वेस्टमिन्स्टर राजवाडा १८३४ च्या आगीत भस्मसात झाला. खरी सुरक्षा तपासणी पोलीस करतात, तरीही कंदील हातात घेतलेले लाल अंगरख्यातील योमेन नव्या इमारतीच्या तळमजल्यावरून फिरून येतात.

टॉवरचे पहारेकरी आणि ‘बीफईटर’

आठव्या हेन्रीने टॉवरमधील वास्तव्य सोडले तेव्हा काही वयस्क योमेन तिथेच राखणीला ठेवले. त्यांच्यापासून ‘योमन वॉर्डर’ हे वेगळे दल तयार झाले. सहाव्या एडवर्डच्या काळात (१५४७–१५५३) त्यांना अंगरक्षकांसारखा लाल पोशाख घालण्याचा मान मिळाला. एरवी ते १८५८ पासून चालत आलेल्या गडद निळ्या, लाल किनारीच्या साध्या गणवेशात असतात आणि पर्यटकांच्या छायाचित्रांत बहुधा तोच दिसतो. २००७ मध्ये मोइरा कॅमेरॉन या पहिल्या महिला वॉर्डर झाल्या.

‘बीफईटर’, म्हणजे गोमांस खाणारे, हे टोपणनाव आज वॉर्डरांना चिकटले आहे. १६६९ मध्ये इंग्लंडला आलेल्या टस्कनीच्या तिसऱ्या कोझिमोने अंगरक्षकांचे धिप्पाड देह पाहून त्यांना मिळणाऱ्या मांसाच्या शिध्याशी त्यांचा संबंध जोडला होता. हा शब्द फ्रेंचमधून आल्याचे सांगितले जाते, पण शब्दकोशकारांना ते पटत नाही. गल्लत वाढवण्यात रंगभूमीचाही हातभार आहे. गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या १८८८ मधील संगीतिकेचे नाव ‘द योमेन ऑफ द गार्ड’ असले तरी तिचे कथानक टॉवरमध्ये घडते आणि तिच्यातील पात्रे वॉर्डर आहेत.

इतर अंगरक्षक दले

आठव्या हेन्रीने १५०९ मध्ये उमराव घराण्यांतील तरुणांचे दुसरे दल उभारले. ‘जेंटलमेन अ‍ॅट आर्म्स’ या नावाने ओळखले जाणारे हे दल राजाच्या अधिक निकट असते. त्यांच्या शिरस्त्राणांवर पांढऱ्या पिसांचे तुरे असतात. स्कॉटलंडमध्ये राजाच्या अंगरक्षणाचा मान ‘रॉयल कंपनी ऑफ आर्चर्स’ या धनुर्धरांच्या संस्थेकडे आहे. तिची स्थापना १६७६ मध्ये झाली आणि १८२२ मधील चौथ्या जॉर्जच्या एडिंबरा भेटीपासून तिला हे स्थान मिळाले. तिचा गणवेश गडद हिरवा असून टोपीत गरुडाचे पीस असते.