दुएरोकांठचें तोर्देसियास

स्पेनमध्यें वायादोलिद प्रांतांत दुएरो नदीच्या उजव्या तीरावर, उंचवट्यावर, तोर्देसियास नांवाचें एक लहानसें शेतकरी गांव आहे. भोंवतीं गव्हाचीं शेतें व द्राक्षांचे मळे. खालीं नदीवर अनेक कमानींचा जुना दगडी पूल.

७ जून १४९४ रोजीं कॅस्टील व पोर्तुगाल यांच्या वकिलांनीं येथें एक तह केला. केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगांवर एक दक्षिणोत्तर रेषा कल्पावी. तिच्या पश्चिमेस सांपडेल तें कॅस्टीलचें, पूर्वेस सांपडेल तें पोर्तुगालचें! ज्यांच्या भूमीची ही वांटणी, त्यांना अर्थातच कोणी विचारलें नाहीं. १५१० सालीं आल्बुकर्कनें गोवें घेतलें, तें या रेषेच्या पोर्तुगीज बाजूचें.

परंतु या गांवाच्या इतिहासांत तहाहून करुण प्रकरण आहे तें राणी हुआनाचें. इसाबेला व फर्डिनांड यांची ही कन्या. १५०६ सालीं तिचा पति फिलिप वारला आणि १५०९ सालीं बापानें तिला येथील वाड्यांत आणून ठेविलें. १५१६ सालीं बापही निवर्तला. मुलगा चार्ल्स गादीवर आला. पण पहारा उठला नाहीं. जग तिला 'वेडी हुआना' म्हणतें. तें वेड खरें किती आणि बापलेकांच्या सोयीचें किती, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. १५२० सालीं चार्ल्सविरुद्ध बंड करून उठलेल्या नगरांनीं तोर्देसियास हस्तगत केलें व राणीपुढें कागद ठेविले. तिच्या सहीनें बंडाला राजमान्यता मिळाली असती. तिनें सही केली नाहीं. हा विवेक वेड्याचा खास नव्हे. डिसेंबरांत राजसैन्यानें गांव परत जिंकलें, आणि मुलाचें राज्य राखणाऱ्या आईवर पुन्हा तोच पहारा बसला.

पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेली धाकटी कातालीना आईबरोबर त्याच वाड्यांत वाढली. १५२५ सालीं पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्याशीं तिचा विवाह झाला व आईचा तो एकमेव आधारही गेला. पुढें नातवाच्या बालपणीं, १५५७ ते १५६२ पर्यंत, पोर्तुगालचा कारभार हिच्याच हातीं होता. आणि याच कारभारांत, १५६० सालीं, गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन स्थापन झालें. बंदिवासांत वाढलेल्या मुलीच्या अमदानींत हें घडावें, हा योग विलक्षण खरा.

हुआना १२ एप्रिल १५५५ रोजीं, सेहेचाळीस वर्षांच्या बंदिवासानंतर, तेथेंच मरण पावली. तो वाडा अठराव्या शतकांत पाडण्यांत आला. फिलिपची शवपेटी कांहीं वर्षें जेथें ठेविली होती, तो सांता क्लाराचा मठ मात्र नदीकांठीं अद्याप उभा आहे.