ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल

ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल (२२ सप्टेंबर, १७५० – ७ एप्रिल, १८१६) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ व शिक्षक होते. फुलांची रचना आणि कीटकांद्वारे होणारे परागण यांतील संबंध त्यांनी सप्रमाण मांडला.

ब्रांडेनबुर्ग येथे जन्मलेले श्प्रेंगेल १७८० मध्ये श्पांडाउ येथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. १७८७ मध्ये जिरेनियमच्या एका रानटी जातीत पाकळ्यांच्या तळाशी असलेले बारीक केस त्यांच्या दृष्टीस पडले. हे केस मकरंदाचे पावसापासून रक्षण करतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पाकळ्यांवरील रंगीत खुणा कीटकांना मकरंदाकडे नेतात, तसेच अनेक द्विलिंगी फुलांत परागकोश व कुक्षी वेगवेगळ्या वेळी पक्व होत असल्याने स्वपरागण टळते, हेही त्यांनी दाखवून दिले. १७९३ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात सुमारे ४६० जातींच्या फुलांची निरीक्षणे असून २५ चित्रपत्रे आहेत.

समकालीनांनी या ग्रंथाची उपेक्षा केली; ग्योटे यांनाही त्यातील विचार पटला नाही. १७९४ मध्ये श्प्रेंगेल यांना मुख्याध्यापकपद सोडावे लागले. पुढे १८४१ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांच्या सूचनेवरून चार्ल्स डार्विन यांनी हा ग्रंथ वाचला. परपरागणावरील लेखनात डार्विन यांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला आणि श्प्रेंगेल यांच्या कार्यास मरणोत्तर मान्यता मिळाली.