६५०२ : एका चिपचा कुलवृत्तांत

१/ सप्टेंबर १९७५. मॉस टेक्नॉलॉजीने ६५०२ ही प्रोसेसर चिप २५ डॉलरला विक्रीस आणली. वर्षभरापूर्वी आलेल्या इंटेल ८०८०ची किंमत ३६० डॉलर होती. घरगुती संगणक आवाक्यात आला तो या तफावतीमुळे.

२/ चक पेडल आणि त्यांचे सहकारी मोटोरोला सोडून आले होते. त्यांची ६५०१ मोटोरोलाच्या ६८००साठीच्या सॉकेटमध्येच बसत असे. मोटोरोलाने दावा ठोकला; ६५०१ मागे घ्यावी लागली. पिनांची मांडणी निराळी असलेली भावंड ६५०२ तेवढी उरली.

३/ अटारी २६००साठी (१९७७) ६५०७ आली. खर्च वाचावा म्हणून ४०ऐवजी २८ पिना. परिणामी मेमरीची मर्यादा ६४ केबीवरून ८ केबीवर उतरली.

४/ कमोडोर ६४च्या (१९८२) ६५१०मध्ये उलट भर पडली. चिपमध्येच इनपुट-आउटपुट पोर्ट आला. त्यातून रॅम व रॉम यांची आलटूनपालटून निवड करता येई.

५/ निन्टेन्डोच्या फॅमिकॉमसाठी (१९८३) रिकोने याच गाभ्याला ध्वनिनिर्मितीची जोड दिली, पण दशमान गणित बंद केले. त्याचे मंडल सिलिकॉनवर आहे. जोडण्या मात्र तोडलेल्या. त्या पद्धतीचे पेटंट मॉसकडे होते. कारण तेच असावे, असा तर्क केला जातो.

६/ गाभा एकच. फरक घडवले ते न्यायालयाने, किमतीने आणि गरजेने. ताम्रपटावरील खोडलेली ओळ जशी वाचतात, तशीच ही तोडलेली जोडणीही वाचावी. तीही इतिहासाचे अस्सल साधनच आहे.