वृद्धाश्रमाची झडती कोण घेतं?

वृद्धाश्रमाबद्दल मराठीत जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बहुतेक वृद्धाश्रमाबद्दल नसतंच. ते मुलांबद्दल असतं. कृतघ्न मुलगा, परदेशी गेलेली मुलगी, खोलीतून बाहेर काढलेला बाप. १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं तेव्हापासून तर आपल्याला या विषयावर रडण्याची एक पक्की पद्धतच मिळाली आहे. रडण्यात वावगं काही नाही. पण बाप एकदाचा त्या फाटकाच्या आत गेला की गोष्ट संपते. आत त्याला जेवण कसं मिळतं, रात्री उठवायला कोण येतं, चादर ओली झाली तर ती किती वेळाने बदलली जाते, यावर नाटक नाही, कथा नाही, आणि फारसा इतिहासही नाही.

आमच्या मुस्लिम घरांत आणखी एक सोपी पळवाट आहे. 'आपल्यात वृद्धाश्रम नसतो' असं म्हटलं की विषय मिटतो. मातापित्यांची खिदमत हा धर्माचा हुकूम आहे हे खरंच. पण मी भिवंडी तालुक्यात राहतो. इथल्या लूमवर तीस-चाळीस वर्षं उभं राहून ज्यांचे कान गेले, छातीत कापसाची धूळ साठली, असे उत्तरेकडून आलेले कारीगर आता सत्तरीत आहेत. कित्येकांचं कुटुंब गावी, कित्येकांचं कुठेच नाही. भविष्य निर्वाह निधी हा शब्द त्यांनी ऐकला असेल, पाहिलेला नाही. त्यांची खिदमत नेमकी कोणत्या मुलाने करायची? तेव्हा 'असावा की नसावा' हा वाद बाजूला ठेवून मी दुसराच प्रश्न घेतो. असलेला वृद्धाश्रम चांगला की वाईट, हे आपण आजवर कशावरून ठरवत आलो?

सुरुवात जरा लाज वाटावी अशी आहे. म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांसाठी मुंबईत पांजरपोळ उभा राहिला १८३४ साली. माणसांसाठी पुण्यात 'निवारा' उभा राहिला तो १८६३ साली, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. पैसा डेव्हिड ससूनचा. बगदाद सोडून १८३२ च्या सुमारास मुंबईला आलेला हा ज्यू व्यापारी अफू आणि कापसाच्या व्यापारात गडगंज झाला आणि १८६४ मध्ये पुण्यातच वारला. (अफूच्या पैशातून झालेल्या दानाचं काय करायचं, हा वेगळ्या लेखाचा विषय.) संस्थेचं नाव बघा: 'डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह'. या नावात वृद्ध कुठेही नाही. अनाथ आहे, पंगू आहे. म्हातारपण ही स्वतंत्र अवस्था आहे, तिच्या स्वतंत्र गरजा आहेत, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात नव्हतं. ज्याला कोणी नाही आणि ज्याला चालता येत नाही, त्याच्या डोक्यावर छप्पर घालायचं, एवढाच हिशेब. छप्पर गळत नसेल तर संस्था चांगली.

हा छपराचा हिशेब पुढे शंभर-दीडशे वर्षं सुटला नाही. राज्य शासनाची वृद्धाश्रम योजना १९६३ ची. साठीपुढचे पुरुष आणि पंचावन्नच्या पुढच्या स्त्रिया, निराधार असतील तर प्रवेश. १९९५ मध्ये युती सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. जिल्ह्याजिल्ह्यात स्वयंसेवी संस्थांनी वृद्धाश्रम चालवायचे, काही जागा पैसे भरणाऱ्यांना, काही निराधारांना मोफत. उद्घाटनं झाली, फलक लागले. योजना यशस्वी की अयशस्वी याची चर्चा झाली ती किती वृद्धाश्रम सुरू झाले आणि किती बंद पडले यावर. आतल्या माणसाला विचारायचं कोणी सुचवलं असेल तर ते माझ्या वाचनात आलेलं नाही.

मग २००७ चा कायदा आला, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. हा कायदा लोकांना माहीत आहे तो पोटगीसाठी. प्रांतांकडे अर्ज करायचा आणि मुलाकडून महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये मिळवायचे. पण त्यातलं १९ वं कलम वृद्धाश्रमाचं आहे. राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारू 'शकेल'. उभारलाच पाहिजे असं नाही. त्याच कलमात पुढे दर्जा ठरवण्याची गोष्ट आहे, आणि तिथे दोनच गोष्टींचं नाव घेतलं आहे: वैद्यकीय सेवा आणि मनोरंजनाची साधनं. औषध आणि टीव्ही. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय लागतं, असं कायदा लिहिणाऱ्याला वाटलं असावं.

केंद्राने राज्यांसाठी या कायद्याखाली नमुना नियम तयार केले, त्यांच्यासोबत एक यादी आहे. ती मी शिक्षकाच्या सवयीने, पेपर तपासावा तशी वाचली. झोपण्याच्या खोलीत दरडोई साडेसात चौरस मीटर जागा. स्वयंपाकघर, जेवणघर वगैरे धरून दरडोई बारा चौरस मीटर. पुरुष-स्त्रियांची वेगळी सोय, पिण्याचं पाणी, पंखे, पुरेसे संडास-न्हाणीघरं, अपंगांसाठी वेगळा संडास, उतार, कठडे, वर्तमानपत्रं, पुस्तकं, प्रथमोपचार. पौष्टिक आहार, हिवाळ्याचे कपडे, स्वच्छता, राखणदार, जवळच्या सरकारी दवाखान्याशी आणि पोलीस ठाण्याशी संपर्क. वाईट यादी नाही. आपल्याकडच्या किती आश्रमांत साडेसात मीटर मिळतात ते मोजायला गेलं तर बरेच नापास होतील. तरी या यादीत रात्री ड्युटीवर किती माणसं हवीत, ते नाही. अंथरुणाला खिळलेल्याला दिवसातून किती वेळा कुशीवर वळवायचं, ते नाही. राहणाऱ्याला काय वाटतं हे विचारायची जागा नाही. पोलीस ठाणं मात्र आहे.

इथे एका बैरूतच्या माणसाची आठवण काढायला हवी. अवेदिस डोनाबेडियन, आर्मेनियन कुटुंबातला डॉक्टर, पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९६६ मध्ये त्याने एका लेखात उपचारांचा दर्जा तपासायच्या तीन खिडक्या सांगितल्या: रचना, प्रक्रिया, परिणाम. इमारत, खाटा, माणसं, पैसा ही रचना. प्रत्यक्ष काय केलं जातं, कसं केलं जातं ही प्रक्रिया. आणि त्याने माणसाचं काय झालं, हा परिणाम. हे एकदा कळलं की आपला सगळा इतिहास पहिल्याच खिडकीशी अडलेला दिसतो. रचना मोजायला सोपी असते. टेप लावला, आकडा लिहिला, शिक्का मारला.

प्रक्रिया मोजता येत नाही असं मात्र नाही. सन १२८४ च्या सुमारास कैरोत सुलतान कलावूनने एक भव्य रुग्णालय बांधलं. त्याच्या वक्फनाम्यात उन्हाळ्यात रुग्णांना ताडाच्या पानांचे पंखे द्यावेत, प्रत्येकाला त्याचं स्वतःचं भांडं असावं, ते झाकून आणावं, अशा गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. झाकलेलं भांडं! ही इमारतीची अट नाही, वागणुकीची आहे. साडेसातशे वर्षांपूर्वी कोणीतरी रुग्णाच्या जागी पडून विचार केला होता. अर्थात वक्फनामा कितीही सुंदर असो, मुतवल्लीला जाब कोण विचारतो यावर सगळं अवलंबून. आपल्याकडच्या वक्फ जमिनींचं काय झालं हे वाचकांना मी सांगायला नको.

जाब विचारण्याची आधुनिक गोष्ट इंग्लंडची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जुनी 'वर्कहाऊस' कायद्याने मोडीत निघाली. सरकार म्हणालं, आता वृद्धांसाठी छोटी, घरासारखी निवासस्थानं असतील. पीटर टाउनसेंड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने दहा वर्षांनी जाऊन पाहिलं. इंग्लंड आणि वेल्समधल्या १७३ संस्था. पाटी बदलली होती, पण कितीतरी ठिकाणी इमारत तीच, लांबच लांब दालनंही तीच. त्याने अधिकाऱ्यांशी बोलून काम उरकलं नाही. एका संस्थेत तो मदतनीस म्हणून राबला, म्हाताऱ्यांना अंघोळ घातली. १९६२ मध्ये 'द लास्ट रेफ्यूज' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती त्याच्या मोजपट्टीची. सोयी आणि नोकरवर्ग त्याने मोजलेच. पण त्यांच्या जोडीला माणसाला दिवसभर करायला काही आहे का, आणि रोजच्या जगण्यात मोकळीक किती आहे, यालाही त्याने गुण दिले. हवं तेव्हा उठता येतं का? स्वतःचा चहा करून घेता येतो का?

अमेरिकेत हे कायद्यात आलं १९८७ मध्ये. त्यानंतर तपासनीसाला राहणाऱ्यांशी बोलणं भाग पडलं, आणि शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाला बांधून ठेवायला मनाई झाली. म्हणजे तोवर बांधत होते.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या मुलांना घेऊन एका वृद्धाश्रमात गेलो होतो. नाव-गाव सांगत नाही. मुलांनी फळं वाटली, गाणी म्हटली, फोटो निघाले. फरशी चकचकीत होती. भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं: रात्रीचं जेवण साडेसहा, सकाळचा नाश्ता साडेआठ. नववीतल्या एका मुलीने हळूच विचारलं, "सर, मधे चौदा तास काहीच नाही?" त्यांच्यात मधुमेहाचे रुग्ण असणारच. पाहुण्यांच्या वहीत आमच्या आधीच्या सगळ्या शेऱ्यांत 'छान', 'स्वच्छ', 'मन भरून आलं' असंच लिहिलेलं होतं. वेळ बघितली तर सगळे अकरा ते एकच्या दरम्यान येऊन गेलेले.

तेव्हापासून मला वाटतं, तपासणी करायची तर चौदा तासांची करावी. धुतलेला सदरा ज्याचा त्यालाच परत मिळतो का, की ढिगातून कुठलाही? कवळी आणि ऐकण्याचं यंत्र कोणाच्या ताब्यात असतं? नमाजासाठी पहाटे उठणाऱ्याला पाणी मिळतं का, आणि एकादशी धरणाऱ्याला साबुदाणा? तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी वागणूक बदलते का? यातल्या एकाही प्रश्नाला टेप लागत नाही, पण उत्तरं अगदी ठोस मिळतात.

सरकारला मात्र अजून पहिला आकडाच हाती नाही. १३ डिसेंबर २०१८ रोजी अश्वनी कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम किती आहेत ही माहिती राज्यांकडून गोळा करा. कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं. ते समितीकडे गेलं, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा त्याच्यासोबत रद्दही झालं.

मधल्या काळात आमच्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, खडवलीजवळच्या सोरगावात, मातोश्री वृद्धाश्रमात नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस करोना शिरला. साठहून अधिक जण बाधित झाले. बहुतेकांनी लसीचे दोन्ही डोस घेतलेले होते. त्यांना ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयात हलवलं. त्या आठवड्यात अख्ख्या राज्याला कळलं की तिथे किती माणसं राहतात, कोणाला आधीपासून कोणते आजार आहेत. आकडे वर्तमानपत्रात छापून आले. साथ ओसरली तशी ती बातमीही ओसरली.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं ९.९ टक्के होती, दर दहांत एक. अंजूर म्हटलं की लोकांना गंगाजी नाईक आणि वसईची १७३७-३९ ची मोहीम आठवते, आमच्याकडे येतात ते पाहुणे नाईकांचा वाडा बघायला. आता गावाभोवती गोदामं झाली, पोरं त्यांत कामाला लागली, आणि दुपारी घरांत म्हातारी माणसं एकटी असतात. मागणी वाढणार आहे, आश्रमही निघतील. काही सेवाभावाने, काही धंदा म्हणून.

टाउनसेंडच्या पुस्तकाला चाळीसेक वर्षं झाल्यावर काही संशोधकांनी त्या १७३ संस्थांचं पुढे काय झालं याचा माग काढला. ठिकठिकाणी जाऊन माहिती काढणारे स्वयंसेवक होते निवृत्त लोक, स्वतः साठीपुढचे. भिवंडी-कल्याण पट्ट्यात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, मशिदींच्या कमिट्या आहेत, आणि मराठी-उर्दू दोन्ही वाचू-लिहू शकणारे निवृत्त मास्तर तर गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यातल्या चौघांनी एक वही घेऊन संध्याकाळी साडेसहाला जायचं, जेवणाच्या वेळी, आणि राहणाऱ्यांच्या शेजारी बसायचं. याला सरकारी परवानगी लागत नाही. आश्रमाने आत घेतलं नाही, तर तेवढंच वहीत लिहायचं.