अमेरिकेतील सैन्यदलातील उड्डाण प्रशिक्षक आणि विमान कंपन्यांची वैमानिक भरती

सैन्यदलातील उड्डाण प्रशिक्षक म्हणजे नवशिक्या सैनिकी वैमानिकांना विमान चालवण्याचे शिक्षण देणारा, स्वतः पूर्ण प्रशिक्षित असलेला अधिकारी होय. अमेरिकेत सेवा संपल्यावर अशा अधिकाऱ्यांपैकी अनेक जण प्रवासी किंवा मालवाहू विमान कंपन्यांत वैमानिक म्हणून रुजू होतात. प्रशिक्षकपदावर उड्डाणाचे तास झपाट्याने जमतात आणि ते बहुतांशी विमानाचा प्रमुख, म्हणजे पायलट-इन-कमांड, या नात्याने जमतात. हा या अनुभवाचा मोठा लाभ आहे. मात्र हे तास बहुधा लहान, एकइंजिनी विमानात, दिवसा आणि एकाच तळाभोवती झालेले असतात. त्यामुळे परवान्याच्या व भरतीच्या सर्व अटी त्यांतून आपोआप पूर्ण होत नाहीत.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन विमान कंपन्यांना प्रशिक्षित वैमानिकांचा मोठा पुरवठा सैन्यदलांकडून झाला. पुढील काही दशके मोठ्या कंपन्यांच्या भरतीत माजी सैनिकी वैमानिकांचे वर्चस्व राहिले. शीतयुद्धानंतर सैन्यदले लहान झाली आणि नागरी प्रशिक्षणसंस्थांतून आलेल्यांचा वाटा वाढला.

अनुभव असूनही सर्वांना समान संधी मिळाली नाही, ही या इतिहासाची दुसरी बाजू आहे. महायुद्धकाळातील वास्प या महिला वैमानिकांच्या संघटनेत १,०७४ महिलांनी प्रशिक्षण पूर्ण केले. त्यांतील काहींनी पुरुष वैमानिकांना शिकवण्याचेही काम केले. डिसेंबर १९४४ मध्ये ही संघटना विसर्जित झाली, तेव्हा विमान कंपन्यांनी त्यांना वैमानिक म्हणून घेतले नाही. हवाई दलातील कृष्णवर्णीय वैमानिक मार्लन ग्रीन यांना १९५७ मध्ये कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने नाकारले. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९६५ मध्ये ते त्याच कंपनीत रुजू झाले. एमिली हॉवेल वॉर्नर यांचे उदाहरण सैन्यदलातील नाही, पण प्रशिक्षकाच्या अनुभवाबाबत ते बोलके आहे. डेन्व्हर येथे नागरी उड्डाण प्रशिक्षक असताना त्यांनी शिकवलेले पुरुष विमान कंपन्यांत नोकरीला लागत होते, त्यांचे स्वतःचे अर्ज मात्र वर्षानुवर्षे पडून राहिले. अखेर जानेवारी १९७३ मध्ये फ्रंटियर एअरलाइन्सने त्यांची नेमणूक केली.

परवान्याचे नियम

१२ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकन काँग्रेसने २०१० मध्ये केलेल्या कायद्याने सहवैमानिकालाही एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट हा सर्वोच्च दर्जाचा परवाना सक्तीचा केला. ही अट २०१३ पासून लागू आहे. अपघातग्रस्त विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५०० पेक्षा अधिक होते. त्यामुळे केवळ तासांची संख्या वाढवून सुरक्षितता वाढते का, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

या परवान्यासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. सैन्यदलात प्रशिक्षण घेतलेल्या वैमानिकांना मर्यादित हक्कांचा परवाना ७५० तासांवर मिळू शकतो. विमानशास्त्राची मान्यताप्राप्त पदवी घेतलेल्या नागरी वैमानिकांसाठी हीच मर्यादा १,००० तास आहे. मर्यादित परवान्यावर सहवैमानिक म्हणून काम करता येते, कॅप्टन होता येत नाही. उड्डाणातील अकुशलतेमुळे किंवा शिस्तभंगामुळे सैन्यदलातील उड्डाणसेवेतून काढलेल्या व्यक्तीला ही सवलत मिळत नाही.

प्राथमिक प्रशिक्षणतळावरील प्रशिक्षकाचे ७५० तास तुलनेने लवकर भरतात. अडचण येते ती पोटअटींची. पूर्ण परवान्यासाठी १०० तास रात्रीचे, ७५ तास उपकरणांच्या आधारे केलेल्या उड्डाणाचे आणि ५० तास बहुइंजिनी विमानातील असावे लागतात. अमेरिकन हवाई दल व नौदलातील प्राथमिक प्रशिक्षण टी-६ टेक्सन २ या एकइंजिनी टर्बोप्रॉप विमानावर होते आणि ते बरेचसे दिवसा चालते. त्यामुळे दीड-दोन हजार तास भरलेल्या प्रशिक्षकाच्या लॉगबुकातही रात्रीच्या किंवा बहुइंजिनी उड्डाणाचा रकाना अपुरा असू शकतो. अशा वेळी अधिकारी सुटीच्या दिवशी स्वखर्चाने भाड्याच्या लहान विमानात ते तास पूर्ण करतात.

टी-३८ या प्रगत प्रशिक्षण विमानाला दोन जेट इंजिने आहेत, परंतु ती धडात शेजारी-शेजारी बसवलेली आहेत. एक इंजिन बंद पडले तरी विमान फारसे एका बाजूला ओढले जात नाही. ज्याचा बहुइंजिनी अनुभव केवळ अशाच विमानांचा आहे, त्याच्या नागरी परवान्यावर मध्यवर्ती प्रणोदापुरती मर्यादा नोंदवली जाते. ती काढण्यासाठी पंखांवर इंजिने असलेल्या विमानात वेगळी चाचणी द्यावी लागते. नौदलाच्या टी-४४ या विमानावरील प्रशिक्षकांना हा प्रश्न येत नाही, कारण ते बीचक्राफ्ट किंग एअर या नागरी विमानावर आधारित आहे.

२००९ पासून सैन्यदलातील प्रशिक्षकांना आणखी एक सोय आहे. सेवेतील प्रशिक्षक-पात्रतेचे पुरावे सादर करून आणि लेखी परीक्षा देऊन ते नागरी उड्डाण प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवू शकतात. त्यासाठी नागरी परीक्षकाकडे प्रत्यक्ष उड्डाणचाचणी द्यावी लागत नाही. मात्र ऑगस्ट २०१४ पासून सक्तीच्या असलेल्या तयारी अभ्यासक्रमातून त्यांना सूट नाही. त्यात ३० तास वर्गातील शिक्षण आणि १० तास सिम्युलेटरवरील सराव असतो.

तासांची मोजणी

नागरी नियमांत विमान उड्डाणासाठी स्वतःच्या शक्तीने हलू लागल्यापासून, उतरून थांबेपर्यंतचा काळ उड्डाणकाळ समजला जातो. सैन्यदलांच्या नोंदीत धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा काळ साधारणपणे धरला जात नाही. हा फरक भरून काढण्यासाठी अनेक कंपन्या अर्जदाराला प्रत्येक उड्डाणामागे ठरावीक दशांश तास मिळवू देतात. हे प्रमाण कंपनीगणिक वेगळे असते. प्रशिक्षणाची उड्डाणे आखूड असल्याने याचा सर्वाधिक लाभ प्रशिक्षकांना होतो. १,००० तासांची नोंद सव्वा तासाच्या ८०० उड्डाणांतून झाली असेल, तर उड्डाणामागे ०.२ तास धरल्यास १६० तास वाढतात. दहा तासांच्या मालवाहू फेऱ्या करणाऱ्याच्या तितक्याच नोंदीत केवळ २० तासांची भर पडते.

विमान विद्यार्थी चालवत असतानाही जबाबदारी प्रशिक्षकाचीच असते आणि विमान त्याच्याच सहीने ताब्यात घेतले जाते. म्हणून हे तास सहसा प्रमुख वैमानिकाचे मानले जातात. मोठ्या वाहतूक विमानात सहवैमानिक म्हणून वर्षे काढलेल्या समवयस्काकडे असे तास कमी असतात. याउलट, पुढे विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या १,००० तासांच्या अनुभवात सैनिकी उड्डाणाचे ५०० तासांपर्यंत श्रेय मिळते. पण ते बहुइंजिनी, टर्बाइन शक्तीच्या आणि एकाहून अधिक वैमानिक आवश्यक असलेल्या विमानात प्रमुख म्हणून केलेल्या उड्डाणापुरतेच असते. टी-६ मधील हजारो तास येथे उपयोगी पडत नाहीत.

हेलिकॉप्टर प्रशिक्षक

सर्वात बिकट स्थिती हेलिकॉप्टर प्रशिक्षकांची असते. अमेरिकन लष्कराचे हेलिकॉप्टर प्रशिक्षण अलाबामातील फोर्ट रकर येथे होते. तेथील अनुभवी प्रशिक्षकाचे एकूण तास पुरेसे असले, तरी विमानाच्या परवान्यासाठी २५० तास स्थिरपंखी विमानात प्रमुख म्हणून केलेले असावे लागतात. वैमानिकांच्या टंचाईच्या काळात काही प्रादेशिक कंपन्यांनी हा खर्च उचलणाऱ्या योजना राबवल्या. भरती मंदावली की अशा योजना प्रथम बंद होतात.

सेवाबंधन आणि ज्येष्ठता

अमेरिकन हवाई दलात वैमानिकाचे प्रशिक्षण पूर्ण झाल्यापासून दहा वर्षांचे सेवाबंधन असते. प्रशिक्षण संपताच काहींना तेथेच प्रशिक्षक म्हणून ठेवले जाते. सुमारे तीन वर्षांनी त्यांना लढाऊ, मालवाहू किंवा अन्य विमानांवर पाठवले जाते. ही पहिली नेमणूक अनेक तरुण अधिकाऱ्यांना नकोशी वाटते, कारण सोबतचे मित्र लढाऊ विमानांवर गेलेले असतात. नागरी कारकिर्दीच्या दृष्टीने मात्र तीच अनेकदा अधिक फलदायी ठरते. बंधन संपण्याच्या सुमारास प्रशिक्षणतळावर परतलेल्या अधिकाऱ्याचाही लाभ होतो. विमान कंपन्या अलीकडच्या काळातील उड्डाणाला महत्त्व देतात आणि मुख्यालयात कार्यालयीन कामावर असलेल्याचे उड्डाण खंडित झालेले असते.

घाईचे कारण ज्येष्ठतायादी हे आहे. अमेरिकन कंपन्यांत कॅप्टनपदाची संधी, विमानाचा प्रकार, तळ, सुट्या आणि मंदीतील कपातीचा क्रम हे सारे रुजू होण्याच्या तारखेवर ठरते. एका कंपनीतील ज्येष्ठता दुसरीत नेता येत नाही आणि निवृत्तीचे वय ६५ आहे. त्यामुळे एका वर्षाचा उशीर पुढे तीस वर्षे सोबत राहतो. यावर मधला मार्ग म्हणून काही जण राखीव दलाच्या प्रशिक्षण तुकड्यांत अर्धवेळ शिकवतात आणि उरलेला वेळ विमान कंपनीत काम करतात. १९९४ च्या कायद्यानुसार सैनिकी सेवेसाठी घेतलेल्या रजेत त्यांची ज्येष्ठता अबाधित राहते.

निवड प्रक्रियेतील स्थान

मुलाखतीत लॉगबुक, चाचण्यांतील अपयश, शिफारसपत्रे आणि निर्णयक्षमता तपासली जाते. प्रत्येक उड्डाणानंतर चुकांची स्पष्ट चर्चा करण्याची प्रशिक्षकाची सवय येथे उपयोगी पडते. परंतु कॉकपिटमधील सहकारी हा विद्यार्थी नव्हे, ही जाणीवही अर्जदारात दिसावी लागते. प्रशिक्षकपदाचा आणखी एक लाभ नेमणुकीनंतर जाणवतो. कंपन्यांना सिम्युलेटर प्रशिक्षक व तपासनीस वैमानिक सतत लागतात आणि शिकवण्याचा अनुभव असलेल्यांना त्या पदांसाठी अर्ज करणे सोपे जाते.

भारतातील स्थिती

भारतीय हवाई दलाची उड्डाण प्रशिक्षक शाळा तमिळनाडूतील तांबरम येथे आहे. नागरी परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते आणि एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी येथेही १,५०० तास लागतात. निवृत्तिवेतनासाठी अधिकाऱ्याची सेवा सर्वसाधारणपणे २० वर्षे व्हावी लागते. त्यामुळे विमान कंपन्यांकडे वळणारे अनेक अधिकारी तोवर चाळिशी ओलांडलेले असतात.