उपग्रह-प्रतिमांचे फाइल-रूपांतर (लोणार सरोवर)

उपग्रहाने टिपलेली प्रतिमा एका फाइल फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेण्याची प्रक्रिया. हे काम बहुधा कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून केले जाते. एकच आज्ञा शेकडो फाइलींवर चालवता येते आणि नेमके काय केले याची लेखी नोंदही हाती राहते. त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जीडॅल. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये त्याची सुरुवात केली. क्यूजीआयएससारखी नकाशा-सॉफ्टवेअरेही आतून त्याच्यावरच चालतात.

बुलढाणा जिल्ह्यातील विवरात असलेल्या लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. हा रंग हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. लँडसॅट ८ च्या २५ मे आणि १० जूनच्या प्रतिमा शेजारी ठेवून नासाने हा बदल दाखवला. अशी तुलना करायची तर फाइल-रूपांतर निगुतीने व्हायलाच हवे.

लँडसॅटची विदा जिओटिफ फॉरमॅटमध्ये मिळते, युरोपच्या सेंटिनेल-२ ची जेपीईजी-२००० मध्ये. सेंटिनेलच्या एका तुकड्याची बाजू सुमारे ११० किलोमीटर असते. १० मीटरचा पिक्सेल असलेल्या बँडमध्ये, म्हणजे रंगपट्ट्यात, ती १०,९८० पिक्सेल भरते आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंदीचे सरोवर त्यात जेमतेम १२० पिक्सेल व्यापते. म्हणून आधी जीडॅल-इन्फोने फाइलची माहिती वाचतात, लाल, हिरवा व निळा हे वेगवेगळ्या फाइलींतले बँड एकत्र करतात आणि मग जीडॅल-ट्रान्सलेटने विवराभोवतीचा चौकोन कापून जिओटिफ बनवतात. लोणार यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येते. ही स्थाननोंद जिओटिफमध्ये फाइलच्या आतच राहते. पीएनजी केल्यास ती सहसा सोबतच्या छोट्या फाइलीत जाते आणि ती फाइल हरवली की चित्राला ठावठिकाणा उरत नाही.

खरी मेख आकड्यांत आहे. सेंटिनेल-२ चा मूळ पिक्सेल १६ बिटांचा असतो आणि त्यात परावर्तनाचे मूल्य १०,००० पटीने साठवलेले असते. तो नुसता ८ बिटांचा केला तर २५५ वरचे सगळे आकडे २५५ वर येऊन थांबतात आणि विवर, काठ, गाव सारे पांढरेफटक होते. त्यावर उपाय म्हणून स्केल हा पर्याय देतात. पण त्यापुढे मर्यादा लिहिल्या नाहीत, तर जीडॅल प्रत्येक बँडचे किमान-कमाल स्वतंत्रपणे काढून ताणते. बँडांचे आपसातले प्रमाण बिघडते आणि पाण्याची छटाच बदलते. मेची प्रतिमा एका मापाने आणि जूनची दुसऱ्या मापाने ताणली गेली, तर दिसणारा गुलाबीपणा किती पाण्याचा आणि किती आज्ञेचा, हे सांगता येणार नाही. दोन्हींना ० ते ३००० अशी एकच ठरलेली मर्यादा देणे हाच प्रामाणिक मार्ग. तरीही ८ बिटांची प्रत फक्त पाहण्यासाठी. मोजमाप १६ बिटांच्या प्रतीवरच करावे. तिला जागा कमी लागावी म्हणून डिफ्लेट किंवा एलझेडडब्ल्यू संकोचन वापरावे, कारण त्यांत एकही आकडा बदलत नाही. साध्या जेपीईजीत बदलतो.

सेंटिनेल-२ च्या विदेत जानेवारी २०२२ पासून प्रत्येक मूल्यात १००० मिळवलेले असतात. २०२० ची जुन्या प्रक्रियेतली प्रतिमा तिच्याशी ताडून पाहताना हे हजार आधी नव्या मूल्यांतून वजा करावे लागतात. फाइल कोणत्या प्रक्रियेची आहे, ते मेटाडेटात दिलेले असते.