उघड्या खिडक्या आणि एक अपुरी यादी

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. विषय तांत्रिक आहे, पण सी येत नसलं तरी वाचा. यात संगणकापेक्षा माणसांचं जास्त आहे.

तर झालं असं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत घरी, शिरूरला आलो होतो. गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी काम सांगितलं. सराव परीक्षा चालू असताना पोरं परीक्षेची विंडो बंद करून दुसरंच काही उघडतात, तर दर अर्ध्या मिनिटाला कुठल्या मशीनवर कुठल्या विंडो उघड्या आहेत त्याची यादी हवी. मी म्हटलं, एवढंच ना? एका रात्रीत सीमध्ये प्रोग्राम लिहून दिला. भाव खाल्ला तो वेगळाच :)

पहिल्याच परीक्षेत एका मशीनच्या यादीत परीक्षेची विंडो चार वेळा गायब दिसली. सरांनी त्या मुलाला उठवून बाहेर बसवलं. न्हावऱ्याच्या बाजूच्या एका वस्तीवरून एसटीने येणारा पोरगा. तो एकच वाक्य म्हणत होता, "सर, मी काहीच बंद केलं नाही." पण यादी समोर होती, आणि ती कॉम्प्युटरने काढलेली होती. कोण ऐकणार त्याचं?

रात्री घरी कोड उघडला आणि पोटात गोळा आला. चूक माझीच होती.

मी काय केलं होतं, तर सगळ्यात वरच्या विंडोपासून सुरुवात करून 'हिच्या खालची कुठली?' असं विचारत खाली उतरत होतो. त्यासाठी विंडोजमध्ये 'गेटविंडो' नावाचं फंक्शन आहे. खाली काही उरलं नाही की ते नल परत देतं, म्हणजे शून्य. नल आलं की माझं लूप थांबायचं आणि यादी पूर्ण झाली असं धरायचं. पण हातात धरलेली विंडो मधेच बंद झाली, तरीही नलच येतं! त्या मशीनवर कुठल्याशा सॉफ्टवेअरची एक चिमुकली खिडकी सारखी वर येऊन जात होती. मशीन जुनं, त्यात मी प्रत्येक नाव लगेच सर्व्हरवरच्या फाईलमध्ये लिहीत होतो, म्हणजे दोन पावलांमध्ये भरपूर वेळ. तेवढ्यात ती खिडकी मिटली की माझी यादी तिथेच तुटायची. परीक्षेची विंडो तिच्या खाली सुखरूप उघडी होती. माझा प्रोग्राम तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

गंमत (की लाज?) म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. गेटविंडोने असं लूप चालवलं तर ते अनंत फिरत राहू शकतं किंवा नष्ट झालेल्या विंडोकडे बोट दाखवू शकतं, म्हणून 'एनमविंडोज' वापरा. ते आधी सगळ्या विंडोंचे हँडल गोळा करतं, मग एकेक तुमच्या हातात देतं.

मग मी हे असं का आहे ते शोधत बसलो, आणि इतिहासात घुसलो.

मूळ सवय सीच्या जन्माइतकीच जुनी. सी आणि युनिक्स बेल लॅब्समध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वाढले. सीमध्ये फंक्शन एकच उत्तर परत देतं, आणि अपयश सांगायला वेगळी वाट नाही. मग अपयशही त्याच उत्तरात कोंबायचं. उणे एक, नाहीतर नल. कारण हवं असेल तर 'एररनो' नावाच्या एका बाजूच्या डब्यात बघायचं. फोल्डरमधल्या फाईली वाचणारं 'रीडडिर' घ्या. फाईली संपल्या तरी नल, वाचताना बिघाड झाला तरी नल. फरक कळायला आधी एररनो शून्य करून ठेवायचं आणि नंतर तो बदलला का ते पाहायचं.

नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली. त्या काळी सगळे प्रोग्राम एकमेकांच्या भरवशावर चालायचे. एकाने ताबा सोडला नाही तर सगळंच ठप्प. त्यामुळे दुसऱ्याच्या विंडोचं नाव विचारलं आणि तो अडकलेला असला तरी काय बिघडणार? सगळेच अडकलेले! १९९३ मध्ये विंडोज एनटी आली आणि एक प्रोग्राम अडकला तरी बाकीचे चालू राहायला लागले. आता नाव विचारणाराही त्या अडकलेल्याच्या नादी लागून अडकला असता. म्हणून 'गेटविंडोटेक्स्ट' दुसऱ्या प्रोग्रामला विचारतच नाही, सिस्टीमने स्वतःकडे जपलेलं नाव देतं. यातही ती जुनी खोड आहेच. नावाची लांबी शून्य आली, तर विंडोला नाव नाही की विंडोच नाही? आधी 'सेटलास्टएरर'ने डबा रिकामा करायचा, मग विचारायचं, मग डबा बघायचा. १४०० आकडा दिसला की समजायचं, ही विंडो आता अस्तित्वात नाही.

लिनक्सवाल्यांची कथा आणखी मजेशीर. १९८४ मध्ये एमआयटीच्या रॉबर्ट शाइफलर यांनी स्टॅनफर्डची 'डब्ल्यू' नावाची विंडो सिस्टीम घेतली आणि तिच्यात मोठा बदल केला. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबायचं नाही, विनंत्या पाठवत राहायचं. तिचं नाव 'एक्स'. वेग वाढला, पण चूक कळायची ती उशिरा, प्रोग्राम चार पावलं पुढे गेल्यावर. १९८७ मध्ये आलेल्या एक्स ११ मध्ये यादी मागितली आणि नाव विचारेपर्यंत एखादी विंडो मिटली, तर 'बॅडविंडो' अशी चूक येते. तुम्ही स्वतःचा एरर हँडलर लावला नसेल तर निरोप छापून अख्खा प्रोग्रामच बंद! 'एक्सग्रॅबसर्व्हर' म्हणून यादी होईपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवता येतं, पण मग एका मोजणीसाठी सगळं गाव उभं. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने तर प्रश्नच काढून टाकला. तिच्या मूळ नियमांत एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या विंडो दिसतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दौंडला मामाकडे जायचं होतं. मामा रेल्वेतून निवृत्त. दौंड म्हणजे १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाल्यापासूनचं जंक्शन, घरात गप्पा रेल्वेच्याच. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तर ड्रायव्हर काय समजतो?" मी गप्प. "लाल समजतो. दिसत नाही म्हणजे मोकळं असं धरलं असतं, तर किती गाड्या ठोकल्या असत्या!"

नियमच आहे तसा. सिग्नल नसला किंवा नीट दिसत नसला, तर तो सगळ्यात कडक इशारा देतोय असं मानून चालायचं. माझ्या कोडने नेमकं उलट केलं होतं. कळत नाही, याचा अर्थ 'नाही' असा लावला. आणि त्या अर्थाची किंमत दुसऱ्याने मोजली.

परतताना एसटीत आणखी एक आठवलं, शाळेत मार्कांपुरतं पाठ केलेलं. डिसेंबर १८७४ मध्ये आमच्याच शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला, आणि मे १८७५ मध्ये सुप्यापासून दंगे पेटले. लोकांनी काय जाळलं? तर कर्जरोखे. कारण रोख्यावर जे लिहिलंय तेच कोर्टात खरं. शेतकरी हजर नसताना एकतर्फी हुकूमनामे निघायचे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत कोर्टांना सांगितलं, की नुसता रोखा बघू नका, व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा इतिहास तपासा, आणि शक्यतो प्रतिवादीला बोलावून त्याचंही ऐका. मला ते वाचताना एवढंच वाटलं, की कागद तेवढा खरा आणि माणूस खोटा, हा रोग संगणकाने आणलेला नाही. तो आमच्या तालुक्यात दीडशे वर्षांपूर्वीही होता, आणि त्यावरचा उपायही तोच. परत आलेल्या उत्तराच्या मागे जाऊन बघा.

असो. प्रोग्राम दुरुस्त केला. आता एनमविंडोज वापरतो. नाव विचारेपर्यंत विंडो मिटली असेल तर तिच्यापुढे 'गेली' लिहून पुढे जातो, थांबत नाही. एनमविंडोजनेच शून्य दिलं तर यादीच्या वर ठळक येतं, 'यादी अपूर्ण, यावरून निष्कर्ष काढू नये'. खरं सांगायचं तर सगळ्या कोडमधली हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची.

सरांना जाऊन सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्या मुलाची परीक्षा परत घेतली. मी त्याला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "दादा, मी तर तेव्हाच सांगितलं होतं ना."

सांगितलं होतं. आमच्यापैकी कुणीच ते तपासलं नव्हतं.

तुमच्या कोडमध्ये असं एखादं नल लपलंय का, सोमवारी ऑफिसात गेल्यावर एकदा बघाच. चला, चहा गार झाला. भेटू पुढच्या शनिवारी!